खडकावरचं जाळं

९ एप्रिल

ही वही मला संस्थेच्या लोकांनी दिली. समुद्रात टाकून दिलेली जाळी ते गोळा करून कारखान्यात पाठवतात, तिथे ती वितळवून नवं सूत काढतात. आमच्या बेटावरच्या बायकांच्या गटाची मी म्होरकी, म्हणून रोज काय काम झालं ते मी लिहायचं. ठीक आहे. कामाचं लिहीन, आणि जागा उरली तर मनातलंही लिहीन. महिन्याअखेर ते वही बघायला येतील तेव्हा ती पानं फाडता येतील.

आज किनाऱ्यावरची जाळी वेचली. शिसं काढलं, दोर कापले, धुतली, वाळत घातली. कारखान्याला फक्त नायलॉन लागतं. ओळखायचं कसं, तर तुकडा बादलीत टाकायचा. बुडाला तर नायलॉन, तरंगला तर कामाचा नाही. आमच्या बायका तरंगणारा तुकडा बोटाने दाबून धरतात आणि मला सांगतात, "बघ पानिंग, बुडाला की नाही?"

किनाऱ्यावरचं हे सगळं किरकोळ आहे. माझं लक्ष लंगाव खडकावर आहे. डिसेंबरच्या वादळात कुठल्याशा मोठ्या बोटीने आपलं पर्ससीनचं जाळं तोडून सोडून दिलं, ते येऊन लंगाववर अडकलं. तेव्हापासून ते तिथेच पसरून मासे धरतंय आणि कुजवतंय. आमचे खेकडे तिथूनच येतात. मागच्या वर्षी या दिवसांत मी टोपलीभर खेकडे सोलायची, आता दोन मुठी निघतात. जूनमध्ये नैऋत्येचा वारा सुटला की ते जाळं खडकावरून ओढत पुढे समुद्री गवतात नेईल, आणि तिथे खेकड्यांची पिल्लं असतात. मग संपलंच.

जून यायच्या आत ते बाहेर काढायचं. मी ठरवलंय.

११ एप्रिल

सेर्यो हो म्हणाला. माझा नवरा एका हाकेत हो म्हणणाऱ्यांतला नाही, म्हणून तारीख घालून लिहून ठेवते.

घराखाली त्याचा जुना कॉम्प्रेसर सहा वर्षं पडून होता. टायरमध्ये हवा भरायचाच तो. त्याला लांब नळी जोडायची, नळीचं टोक दातांत धरायचं आणि खाली उतरायचं. तरुणपणी सेर्यो असाच पंधरा वाव, म्हणजे नव्वद फूट, खाली जाऊन मासे मारायचा. मग बंदी आली आणि त्याने सोडलं. आज त्याने यंत्र पुसलं, पट्टा बदलला. दुपारभर ते खोकत होतं, चारच्या सुमाराला सुरू झालं.

आवाज ऐकून नोय तेबान आलाच; नोय म्हणजे आमच्याकडे दादा. तो समुद्राच्या राखणदारांचा प्रमुख, गेली दहा वर्षं. उजवा पाय ओढत चालतो. तो आणि सेर्यो पूर्वी एकाच होडीवर होते, तेव्हाचाच त्याचा पासमो आहे, तापल्या अंगाला गार पाणी लागून होणारं दुखणं, कधी नीट शेकलं नाही.

"पानिंग, हे यंत्र बंद कर."

"मासे मारायला बंदी आहे, नोय. जाळं काढायला नाही."

"मी बंदीचं बोलत नाही."

"मग कशाचं बोलताय?"

तो सेर्योकडे बघत राहिला. सेर्यो नट आवळत होता, त्याने मान वर केली नाही. शेवटी तेबान म्हणाला, "काढायचंच असेल तर मी होडीत बसतो. किती वेळ झाला ते बघतो आणि दोरीला हिसका देऊन याला वर बोलावतो."

मी म्हटलं, होडीत आधीच गर्दी आहे. तिथे बसून काय काय बघेल आणि तालुक्याला जाऊन काय काय सांगेल, कोणाला ठाऊक. या गटाची म्होरकी त्याच्या भावजयीला व्हायचं होतं, हे मी विसरलेले नाही.

१४ एप्रिल

पहिला दिवस. सेर्यो सकाळी दोनदा आणि दुपारी दोनदा खाली गेला. जाळं केवढं आहे ते त्याला हाताने दाखवता येईना, म्हणून तो उभाच राहिला आणि चॅपेलपासून धक्क्यापर्यंत बोट फिरवलं. वरची कड पाच वावांवर आहे, खालची पंधरावर, आणि तीच प्रवाळात रुतली आहे. तो खालून कापतो, आम्ही सहा बायका वरून ओढतो. पहिला तुकडा होडीत आला तेव्हा त्यात एक मेलेलं कासव होतं. मग सगळ्यांत आधी मीच शिवी घातली, त्या बोटवाल्यांना.

हातांची सालटी निघाली. इतकी खूश मी कितीतरी वर्षांत झाले नव्हते.

सेर्योच्या पोटावर चट्टे उठलेत, खाजतात म्हणतो. जाळ्यातल्या शेवाळाने असणार. जेवला नाही, बसल्या जागी झोपला.

१८ एप्रिल

खांदा दुखतो म्हणून सेर्यो कुरकुरला. मला आश्चर्य वाटलं नाही. माणूस खाली घाम गाळून काम करतो, वर आला की गार वारा लागतो आणि वर हा डोक्यावरून गोडं पाणी ओतून घेतो. तापलेल्या अंगाला गार पाणी लागलं की पासमो होणारच, हे आमच्याकडे शेंबडं पोरसुद्धा सांगेल.

नांग ओस्तिंगला बोलावलं. ही आमची मालीशवाली, सत्तरीची आहे पण बोटं चिमट्यासारखी. तिने खांदा दाबला, पाठ दाबली आणि म्हणाली, "शिरांच्या गाठी झाल्यात. हा पाणी ओततो ना अंगावर?"

"ओततो. ऐकत नाही."

"मग रड आता."

खोबरेल तेलात आलं आणि मीठ घालून चोळलं. उद्या सकाळपर्यंत पाय धुवायचे नाहीत असं मी बजावलं. सेर्यो बराच वेळ माझ्याकडे बघत होता. मग म्हणाला, "पासमोच ना?"

"नाहीतर काय?"

"बरं," म्हणाला, आणि लहान मुलासारखा पालथा पडून राहिला.

२० एप्रिल

एक गंमत. सेर्यो म्हणतो, वर असलं की दुखतं, खाली गेलं की दुखायचं थांबतं. त्याच्या अंगाला समुद्रच लागतो, मी नेहमी म्हणते. म्हणून आज तो पाचव्यांदाही गेला. मी अडवलं नाही. तुकडेही मोठे निघाले.

२६ एप्रिल

तिसरा हिस्सा वर आला! चॅपेलच्या मागच्या कुंपणावर वाळत घातलाय, पाद्री आले तर त्यांना वाटेल आम्ही देवळाला झालर लावली.

होडीतून उतरताना सेर्यो फळीवरून घसरला आणि गुडघाभर पाण्यात बसला. बायका हसल्या, मीही हसले. "म्हातारा झालास," म्हटलं. पाय झोपला होता म्हणाला. होडीत उकिडवं बसून बसून होतं तसं.

दुसरं म्हणजे, लघवीला जातो तो माडाखाली नुसता उभाच. भात उकळून उतू गेला तरी हा तिथेच. "काय रे, माडाशी बोलतोयस का?" असं ओरडले. त्याने पाठ फिरवली. हल्ली थट्टा सहन होत नाही त्याला.

३ मे

पवित्र क्रूसाचा सण. डुक्कर भाजलं, माडी आली, सेबू शहरातून बँड आला. लग्न झाल्यापासून सेर्यो दरवर्षी माझ्याबरोबर पहिला नाच नाचतो. आज बाकावरून उठला नाही. मी हात धरून ओढलं तर हसून म्हणाला, "तूच नाच, मी बघतो." मला इतका राग आला की मी नांग ओस्तिंगबरोबर नाचले.

तेबान त्याच्या शेजारी येऊन बसला होता. दोघं नुसते नाच बघत होते. घरी येताना सेर्योने माझ्या खांद्यावर हात ठेवला. मला वाटलं लाडात आलाय, पण त्याचं सगळं वजन माझ्यावर होतं. माडी जास्त झाली असेल, पण तोंडाला वास आला नाही.

९ मे

आज भांडलो. लिहायला लाज वाटते, तरी लिहिते.

रेडिओवर म्हणाले, यंदा वारा लवकर बदलणार. जाळं अजून अर्धं खाली आहे. सेर्यो म्हणाला, चार दिवस थांबू या. मी म्हटलं, चार दिवसांनी वारा तुला विचारून येणार आहे का? तो म्हणाला, पायांत जोर नाही. मी म्हटलं, पोहायला पाय लागतात, उतरायला नुसतं वजन लागतं, ते तुझ्याकडे भरपूर आहे. शेजारी हसले. मग मी आणखी बोलले. म्हटलं, आयुष्यात एक गोष्ट मी सुरू केली, आणि ती तुझ्या आळसापायी बुडणार.

तो उठला. बाहेर जाऊन कॉम्प्रेसरमध्ये तेल ओतलं.

शेवटचं वाक्य बोलायला नको होतं. पण जाळं निघायलाच हवं, यात माझं काय चुकलं?

११ मे

सकाळी तिसऱ्यांदा वर आला आणि होडीची कड धरून राहिला. म्हणाला, "पानिंग, मला वर घे. पाय नाहीत मला." पाय तिथेच होते. पाण्यात दिसत होते. नुसते लोंबत होते.

१३ मे, सेबू

इस्पितळाच्या बाकावर बसून लिहितेय.

परवा किनाऱ्यावर आणलं तेव्हा नांग ओस्तिंग तेल घेऊन धावत आली. तेबानने तिच्या हातातली बाटली काढून घेतली आणि माझ्या अंगावर ओरडला, "चोळू नका! होडी काढा, आत्ता, सेबूला!" त्याने स्वतःची होडी काढली. आणि मी काय केलं? पासमो उतरावा म्हणून सगळ्या वाटेत सेर्योचे तळपाय चोळत बसले. त्याला काही कळत नव्हतं. मी चोळतेय हेसुद्धा.

इथे लोखंडी खोली आहे, पिंपासारखी, तिच्यात माणसाला ठेवून हवेचा दाब वाढवतात. सेर्यो आत होता. डॉक्टर तरुण आहे, माझ्या मुलाच्या वयाचा दिसतो. म्हणाला, "खोल पाण्यात श्वास घेतला की ती हवा रक्तात मुरते, आई. माणूस सावकाश वर आला तर ती निघून जाते. घाईने आला, दिवसातून चारचारदा गेला, तर रक्तातच तिचे बुडबुडे होतात. पाठीच्या कण्यात जाऊन बसतात. आधी काही त्रास झाला होता का? कधीपासून?"

मी म्हटलं, "नाही, एकदम झालं. तसा थोडा पासमो होता."

"पासमो म्हणजे नेमकं काय होत होतं? आठवून सांगा."

आठवेना. पिशवीत ही वही होती. मी काढली आणि वाचायला लागले. चौदा एप्रिल, पोटावर चट्टे. तो लिहून घेत होता. अठरा, खांदा. वीस, खाली गेल्यावर दुखत नाही. इथे त्याने पेन थांबवलं आणि माझ्याकडे बघितलं. सव्वीस, पाय झोपला, घसरला. सव्वीसलाच, लघवी होत नाही. ते मी वाचलं तेव्हा पुढचं वाक्यही तोंडातून गेलं, माडाशी बोलतोयस का, आणि मग मला वाचता येईना. वही त्याच्या हातात दिली. तीन मेचं त्याने स्वतः वाचलं.

सगळं होतं. माझ्याच अक्षरात, तारखेसकट. त्याच्या खांद्याला काय होतंय, पायाला काय होतंय, मी रोज बघितलं, रोज लिहिलं आणि रोज त्याला परत खाली पाठवलं.

पानं फाडायची होती मला.

१५ मे, सेबू

आज बोलू दिलं. तो उताणा पडला होता, गालांवर दाढीचे खुंट.

"तुला ठाऊक होतं," मी म्हटलं.

"तेबानचा पाय असाच गेला. मी होतो होडीत. मीच सोडवला त्याला नळीतून." मग म्हणाला, "म्हणून तर सोडलं होतं. बंदीचं निमित्त झालं."

"मग बोलला का नाहीस? मूर्खासारखं तेल चोळून घेत राहिलास!"

"तू पासमो म्हणालीस, मला बरं वाटलं."

"कशाला बरं वाटलं?"

"पासमो बरा होतो ना, पानिंग."

मी रडायला लागले तर म्हणतो, "अर्धं राहिलंय खाली. आता कोण उतरणार आहे?" मी म्हटलं, मरू दे ते जाळं. तो म्हणाला, "वा! माझे दोन पाय घातले त्यात, आणि आता म्हणे मरू दे." नर्स आत आली आणि आम्हा दोघांनाही ओरडली.

२५ मे

घरी आलो. डावा पाय मांडीपर्यंत किंचित हलतो, खाली दोन्ही पायांना काही कळत नाही. रोज टाचणीने बघून वहीत लिहायचं, असं डॉक्टरने सांगितलंय. आता नेमकं लिहायचं. मला काय वाटलं ते नाही, काय दिसलं ते.

डावा अंगठा: नाही. उजवा अंगठा: नाही.

कॉम्प्रेसर मी धक्क्यावर नेला आणि हातोड्याने फोडला. बघायला अर्धं बेट जमलं. तेबानची भावजय म्हणाली, "आता जाळं काय मंत्राने काढणार?" मी तुकडे गोळा करत राहिले.

संध्याकाळी तेबान आला. त्याच्यामागे चार माणसं, प्रत्येकाच्या खांद्यावर निळी रिकामी पिंपं. अंगणात टाकली. म्हणाला, "वरची कड पाच वावांवर आहे ना? तिथे कुणीही दम धरून जाईल, नळी नको. ओहोटीला पिंपं घट्ट बांधायची. भरती आली की पिंपं वर येतील, जाळं सुटेल. मग तेवढं किनाऱ्याकडे ओढायचं. परत ओहोटी, परत बांधायचं."

"किती दिवस लागतील?"

"लागतील तेवढे. उधाण येतंय."

मी म्हटलं, "नोय, त्या दिवशी तुम्हाला होडीत घ्यायला हवं होतं मी."

तो म्हणाला, "मीही धड सांगायला हवं होतं. लाज वाटायची सांगायची." आणि पिंपं मोजायला लागला.

२९ मे

डावा: नाही. उजवा: नाही.

पहिल्या भरतीला दोन पिंपं फुटली. दुसरीला एक दोर तुटला. तिसरीला लंगावच्या बाजूने असा आवाज आला की कापड फाटतंय वाटावं, आणि उरलेली वीसच्या वीस पिंपं एकदम हातभर सरकली. होडीतल्या बायका किंचाळल्या. सेर्योला आम्ही खुर्चीसकट होडीत बसवलं होतं, घड्याळ गळ्यात घालून. कोण किती वेळ पाण्यात आहे ते तो बघतो. कुणी जरा जास्त राहिलं की आईवरून ओरडतो.

१ जून

डावा: नाही म्हणाला. मग म्हणाला, हो, काहीतरी कळलं. मी पुन्हा टोचायचं नाटक केलं, न टोचता नुसतं विचारलं, "आता?" तरी हो म्हणाला. खोटारडा. मला बरं वाटावं म्हणून हो म्हणतो. यावर माझा आता विश्वास नाही, हे मी त्याला तोंडावर सांगितलं.

डावा: माहीत नाही. उजवा: नाही.

नैऋत्येला ढग आहेत. जाळं गवतापासून दूर, सरळ आमच्या वाळूकडे येतंय.

४ जून

आलं. सगळं आलं.

दुपारच्या भरतीने ते वाळूवर आणून टाकलं आणि ओहोटीने पाणी मागे नेलं. चॅपेलपासून धक्क्याच्या अर्ध्या वाटेपर्यंत, सेर्योने दाखवलं होतं त्यातलं उरलेलं अर्धं, हिरवंगार आणि घाण वासाचं. वारा सुटायला लागला होता. अख्खं बेट सुऱ्या घेऊन बसलं. लंगाव मोकळा झाला.

सेर्योला त्याच्या जाळ्यातच बसायचं होतं. दोघांनी उचलून त्याला मध्यभागी वाळूवर बसवलं, पाय पुढे पसरून. जाळ्यात जिवंत खेकडे होते, मोठे मोठे, त्यांना तो कापून सोडवत होता आणि बादलीत टाकत होता. तोंडाने पट्टा चालू होता, इकडे कापा, तिकडे ओढा.

मी दोर गुंडाळत आले आणि बघितलं. एका निळ्या खेकड्याने त्याचा उजवा अंगठा नांगीत धरला होता. रक्त वाळूत उतरत होतं. सेर्यो हसत होता, कुणाची तरी थट्टा करत होता. त्याला पत्ता नव्हता.

मी त्याच्या पायाशी बसले, मागून हात घालून खेकडा धरला, नांगी उघडली, अंगठ्यावर वाळू लोटली. त्याने बघितलं नाही. खेकडा माझ्या हातात हवेत नांग्या चालवत होता. सोडून द्यायला मी उठणार होते.

उठले नाही. विचारलं तर हा हो म्हणणार, हे मला ठाऊक होतं. खेकड्याला कुणाचं मन राखायचं नव्हतं. मी तो त्याच्या डाव्या अंगठ्याला लावला.

सेर्योने जी किंकाळी फोडली ती ऐकून धक्क्यावरची कुत्री भुंकायला लागली. पाय उचलला गेला नाही, पण गुडघा थरथरला. माझ्या आईपासून आजीपर्यंत कुणाला त्याने सोडलं नाही. "वेडी झालीस का गं? अंगठा तोडशील माझा!" बायका उठून उभ्या राहिल्या. तेबानने हातातली सुरी टाकली. मला हसू आवरेना, रडूही आवरेना, आणि खेकडा काही सुटेना.

चार वाजून वीस मिनिटं. उजवा: नाही. डावा: हो. शिव्या डॉक्टरना वाचता येतील अशा अक्षरात पुढच्या पानावर लिहिते.